वाकडं हेड

वकार माझा सख्खा भाऊ नसता तर त्या शुक्रवारी मी त्याच्या डोक्यात पाना घातला असता. सख्खा आहे म्हणून घातला नाही असंही नाही. तो बोलला त्या घडीला पाना हाताशी नव्हता, एवढंच.

मी साबेरा. नांदेडला देगलूर नाक्याजवळ आमचं गॅरेज आहे. रस्त्याला लागून पत्र्याचं शेड, तिथं वकार. मागं घर, आणि घर नि शेडच्या मधे एक खोली, तिथं मी. ट्रकचं नाहीतर टेम्पोचं हेडचं काम निघालं की हेड सुटून या खोलीत येतं. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण समजा. त्यातच व्हॉल्व्ह असतात, ते उघडतात-मिटतात आणि इंजिन श्वास घेतं. व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पक्का बसला नाही की गाडी चढाला दम टाकते आणि मागून धूर सोडते. मग त्याला पेस्ट लावून हातानं घासावं लागतं. काठीच्या टोकाला रबराची वाटी असते, ती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन्ही तळहातांत काठी फिरवत राहायची, ताक घुसळल्यासारखी. तासन्‌तास. नंतर त्यात डिझेल ओतून ठेवायचं. खाली एक थेंब उतरला तर पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्र्यांच्या घरात हे काम बायका करतात. बसून करायचं काम, म्हणून बायकांचं. आधी अम्मी करायची. माझं सासर लातूरला होतं. नवरा वारला, मी माहेरी परत आले, आणि आल्याच्या आठवड्यात अम्मीची काठी माझ्या हातात आली. मला कुणी विचारलं नाही. पण काम मला आवडलं, हे खोटं कशाला सांगू? सुरुवातीला खरखर वाजणारा व्हॉल्व्ह घासता घासता गुळगुळीत वाजायला लागतो, तेव्हा मला फार बरं वाटतं.

आणि मग भिंतीपलीकडून ऐकू येतं, "वकारभाईचा हात लागला की वर्षभर हेडकडं बघायला नको." वकार यावर काय म्हणतो? काही म्हणत नाही. हसतो. लाजल्यासारखं हसतो, जणू हात त्याचाच. इतकी वर्षं मी ते हसू भिंतीतून ऐकत आले आणि काठी फिरवत आले.

तर व्यंकटची गाडी आली. व्यंकट अर्धापूरचा, घरची केळीची बाग आणि स्वतःचा ट्रक. जुनं गिऱ्हाईक. "गाडी पाणी फेकून राहिली," म्हणाला. वकार खोटारडा आहे, पण कामात येडा नाही. त्यानं गाडी थंड होऊ दिली, रेडिएटरचं झाकण काढलं आणि मग इंजिन सुरू केलं. पाण्यात बुडबुडे यायला लागले, वरण उकळावं तसे. ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणजे हेडखालचं गॅस्केट गेलं होतं, इंजिनातला गॅस पाण्यात शिरत होता आणि पाणी ऑइलमध्ये. हेड सुटलं, दोघांनी उचलून माझ्या खोलीत आणून टाकलं.

मी ते धुतलं, पुसलं आणि सगळ्यात आधी त्याच्या तळावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडं केलं. पट्टीखालून मधोमध उजेड दिसला. फट मोजायचं फिलरचं पातं घातलं, सहज गेलं. जिथं कागदसुद्धा जायला नको तिथं पातं गेलं. हेड तापून तापून वाकलं होतं.

घरात आम्ही दखनी बोलतो, तुमच्यासाठी मराठी करून सांगते. वकारचं खोटं दोन्हीत सारखंच ऐकू येतं.

"वकार, हेड वाकडंय. शिवप्पाकडं नेऊन फेस मारून आण. त्याशिवाय चढवू नको."

शिवप्पा म्हणजे लेथवाला, उदगीरकडचा. हेडचा तळ घासून सपाट करायचं मशीन त्याच्याकडं आहे, म्हणून सगळ्या नाक्याची रांग त्याच्याच दारात.

"हौ आपा," वकार म्हणाला. "तू व्हॉल्व्ह तर घासून ठेव. संध्याकाळी नेतो."

मी घासले. संध्याकाळी हेड खोलीतून गेलं. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"फेस मारला?"

"मारला की."

गुरुवारी व्यंकटची कंदुरी होती. त्याची आई साखराबाई, तिनं कंधारच्या दर्ग्याला नवस बोललेला होता. नातू झाला तर पीराला बकरं. नातू झाला. बकरं घेतलं, निलंग्याकडचे पाहुणे येऊन बसले, स्वयंपाकाची भांडी निघाली. कंदुरीचा दिवस ठरला की ठरला, तो कुणी पुढं ढकलत नाही. व्यंकट रोज येऊन विचारत होता, "वकारभाय, गुरवारी गाडी पायजे बरं. पीराचं काम हाय." आणि वकार म्हणत होता, "पीराचं काम हाय म्हणल्यावर होणारच." मी हे सगळं भिंतीतून ऐकत होते.

गुरुवारी सगळं गणगोत ट्रकच्या हौद्यात बसून गेलं. बायका, पोरं, म्हातारी माणसं, बकरं, तांदळाची पोती आणि तो बाळसेदार नातू.

शुक्रवारी सकाळी ट्रॅक्टरला दोर बांधून ट्रक आमच्या शेडसमोर आला आणि मागोमाग व्यंकटचा आवाज.

"वकारभाय, भाईर ये! भाईर ये आधी!"

मी काठी खाली ठेवली.

"उस्माननगरच्या पुढच्या चढाला गाडी उकळली. समोर निसती वाफ. मी थांबवली. माय केबिनमधून उतरली, पाण्याचा कॅन घिऊन जवळ आली. मी पोतं टाकून झाकण फिरवलं, तर पाणी असं उडालं! माझं तोंड वाचलं. मायचा हात सोलून निघाला, कोपरापासून खाली. मानेला भाजलं. दवाखान्यात हाय ती. नातू तिच्या दुसऱ्या खांद्यावर होता, कळतंय का तुला? ह्या नाही, त्या खांद्यावर होता!"

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, हे व्यंकटला माहीत नाही असं नाही. सगळ्या ड्रायव्हरांना माहीत असतं आणि सगळे पोतं टाकून उघडतात. पण ते त्याला त्या घडीला कोण सांगणार? शेडमध्ये नाक्यावरची माणसं गोळा झाली होती. सगळे वकारच्या तोंडाकडं बघत असणार. 

आणि मग माझा भाऊ बोलला.

"व्यंकटभाऊ, हेड मी न्हाई बनवलं. आपानं बनवलं. व्हॉल्व्ह तीच घासती, हेडचं समदं तीच बघती. मी निसतं चढवलं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चार माणसांत, मोठ्या आवाजात, पहिल्यांदा त्यानं सांगितलं की हेड साबेरा बनवते. हजार हेडं घासली तेव्हा त्याला माझं नाव आठवलं नाही. हे एक फुटलं आणि बरोबर आठवलं.

"बाईच्या हातात इंजिन दिलंस तू?" व्यंकट ओरडला. "तुझ्या बहिणीला शिकायला माझीच गाडी घावली का?"

माझं डोकं इतकं भणाणलं की कानात दुसरं काही ऐकू येईना. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि शेडमध्ये गेले. मी गिऱ्हाइकांसमोर शेडमध्ये पाऊल टाकल्याचं कुणाला आठवत नसेल. माणसं बाजूला सरकली.

"हेड खोला," मी म्हणाले.

कुणी हललं नाही. वकार जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आपा, अंदर जा. लोग देख रै."

"देखने दे."

पाना मीच उचलला. बोल्ट सोडताना कडेकडून मधे यायचं असतं, एका अंगानं सोडत गेलं की हेड आणखी वाकतं. कडेकडूनच आले. वकारनं गाडी सोडून दिली होती तेव्हा हे बोल्ट किती घाईत आवळले होते ते एकेकाला पाना लावताना कळत गेलं. दोन ढिले, एक इतका घट्ट की मला पान्यावर अंगाचा भार टाकावा लागला. शेवटी व्यंकटच्या पाहुण्यातला एक माणूस पुढं आला, त्यानं आणि मी हेड उचललं.

खाली एक गॅस्केट असतं. इथं दोन होती. एकावर एक, लाल डिंक लावून चिकटवलेली. हेड वाकडं असलं आणि सपाट करायचा कंटाळा असला की काही मिस्त्री हे करतात. फट राहते ती जाडीनं बुजेल असं त्यांना वाटतं. बुजत नाही. दोन्ही गॅस्केटं मधोमध जळून काळी पडली होती, बरोबर तिथंच, जिथं माझ्या पट्टीखाली उजेड दिसला होता.

मी पट्टी मागवली नाही, स्वतः जाऊन आणली. हेडवर उभी धरली आणि व्यंकटला म्हणाले, "बघा." तो वाकला. त्याला उजेड दिसला. मग त्याचा पाहुणा वाकला. मग नाक्यावरचे एकेक जण रांगेनं वाकायला लागले, काचेच्या पेटीत गंमत दाखवणारा आल्यासारखे.

"हे मी याला सांगितलं होतं," मी म्हणाले. "शिवप्पाकडं ने, फेस मार, त्याशिवाय चढवू नको. सांगितलं होतं की न्हाई, वकार? आता बोल. आताच तर लई बोलत होतास."

मी मोबाइल काढला.

"शिवप्पाला फोन लावू?"

"न्हाई नेलं," तो म्हणाला. "नंबर न्हवता त्याच्याकडं. शनिवारी देतो म्हणला. गुरवारी गाडी पायजे होती, मी काय करू? अन् लोड कुठं होता गाडीला? केळी भरायची असती तर मी गाडी सोडलीच नसती, कसम खाऊन सांगतो. माणसंच तर बसणार होती."

तो हे मनापासून बोलला, त्याचाच मला जास्त संताप आला. त्याला खरंच तसं वाटत होतं. केळी असती तर वजन झालं असतं, खराब झाली असती, व्यापाऱ्यानं शिव्या घातल्या असत्या. माणसं काय, बसतात आणि उतरतात. त्याच्या हिशेबात गाडी रिकामी गेली होती. त्या रिकाम्या गाडीत तान्हं पोर होतं.

"अरे, लाज धर," मी म्हणाले. "केळ्याच्या घडाला जपतोस तेवढं तरी माणसाला जप."

व्यंकटनं त्या काळ्या गॅस्केटांवरून बोट फिरवलं. त्यानं वकारची कॉलर धरली असती तर मी सोडवायला गेले नसते. पण तो थकला होता. दवाखान्यात रात्र काढून आला होता. "वकारभाय," तो म्हणाला, "मला सांगायचं तरी. आम्ही जीपा केल्या असत्या." आणि मग, "आता तरी फेस मारून नीट बसवा."

तेही वकारला. पट्टी माझ्या हातात, हेड माझ्या पायाशी, आणि बोलणं वकारशी. माझ्या अंगावर त्यानं एक नजरसुद्धा टाकली नाही. बाईच्या हातात इंजिन दिलंस म्हणून ओरडला होता, ते त्यानं परत घेतलं नाही. चुकलं म्हणायला काय जात होतं? मी तिथंच ठरवलं.

"साखरामावशी कुठल्या वॉर्डात आहेत?" मी विचारलं. "मी येते. अन् वकार पण येतो."

"मी कशाला?" वकार म्हणाला.

"आता त्यांच्या कानावर जाईल की साबेरानं भाजलं. तू येऊन सांग कुणी भाजलं ते."

दवाखान्यात साखराबाई उशीला टेकून बसली होती. हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, मानेवर मलम थापलेलं. बारकी, काटक बाई. आम्हाला बघून तिनं विचारलं, "हीच का ती?"

"मावशी," मी म्हणाले, "हा काय सांगतो ते आधी ऐका."

वकारनं सांगितलं. म्हणजे ओठ हलवले.

"जोरात बोल. मावशीला ऐकू आलं न्हाई, पंख्याला आलं असंल."

मग त्यानं सगळं सांगितलं. हेड वाकडं होतं. आपानं सांगितलं होतं. मी नेलं नाही, दोन गॅस्केट टाकली, आणि तिला फेस मारला म्हणून खोटं बोललो. आणि आज सकाळी नाव तिचं घेतलं. शेजारच्या खाटांवरच्या बायकाही ऐकत होत्या. मला वाटलं, झालं. आता हा दगड छातीवरून उतरेल.

साखराबाईनं वकारला एकच शिवी दिली, पण आमच्या सगळ्या खानदानाला पुरेल अशी. मग तिनं मान वळवली. वळवताना मलम लावलेली कातडी ओढली गेली, तिचे डोळे मिटले, पण तिनं मान वळवलीच.

"अन् तू?"

"मी काय, मावशी?"

"तुला ठाऊक होतं न्हवं, वाकडं हाय म्हणून?"

"मी याला सांगितलं होतं ना."

"ह्याला सांगितलंस! गाडी ह्याची होती का? गाडीत ह्याची लेकरं बसणार होती का? माझा व्यंकट रोज येत होता तुमच्या दारात. भिंतीपल्याड हुबा राहून च्या पीत होता. भाईर येऊन म्हणायचं, बाबा, तुझी गाडी नीट न्हाई. नेऊ नको."

"मावशी, आमच्यात बायका अशा पुढं..."

"आज आलीस की!" ती म्हणाली. "व्यंक्या सांगून गेला मला. समद्या नाक्यासमोर पाना घिऊन आलीस. आज तुझ्यावर आलं तवा आलीस. बुधवारी माझ्या नातवावर आलं होतं, तवा कुठं होतीस?"

 वकारनं माझ्याकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडावर जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं, तेव्हा मला त्याला तिथंच वॉर्डात बडवावंसं वाटलं.

परत येताना आम्ही रिक्षा केली. आधी मला त्या म्हातारीचाच राग आला. ज्यानं भाजलं त्याला एक शिवी, आणि जिनं खरं सांगितलं तिची वकिलासारखी उलटतपासणी? मग हळूहळू राग फिरला. कारण वाद घालायला जागाच नव्हती. फेस मारला का, असं मी वकारला विचारलं होतं, आणि त्याच्या "मारला की" मधलं खोटं मला तेव्हाच ऐकू आलं होतं. मी त्याला गोधडीत असल्यापासून ओळखते. शिवप्पाकडची रांग मला माहीत होती. एका रात्रीत हेड तिथून परत येत नाही. तरी मी पुढचा व्हॉल्व्ह उचलला. माझं काम मी केलं, पुढचं त्याचं, असं म्हणून काठी फिरवत बसले. माझ्या नावावर शिंतोडा उडाला तर शेड मला दूर वाटलं नाही. एका तान्ह्या पोराच्या वेळी मात्र ते लांब होतं.

रिक्षावाल्यानं काही विचारलं तर त्याच्यावरही खेकसले. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

व्यंकटचं हेड शिवप्पाकडून सपाट होऊन आलं. मी पट्टी धरून बघितलं, उजेड नव्हता. एकच गॅस्केट टाकून, बोल्ट मधून कडेला माझ्यासमोर आवळून घेतले. वकार कुरकुरला. मी हलले नाही. व्यंकट गाडी न्यायला आला तेव्हा माझ्याशी बोलला नाही, मीही नाही. साखराबाईचा हात भरून येतोय, एवढं त्यानं वकारला सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी निलंग्याकडचा एक उसाचा ट्रक आला. ड्रायव्हर बालाजी, नवाच माणूस. कारखाना चालू, टोळी फडात बसलेली, गाडी उभी राहून चालणार नाही. तीच तक्रार, तेच बुडबुडे. हेड माझ्या खोलीत आलं. पट्टी धरली. उजेड व्यंकटच्या हेडपेक्षा कमी, पण होता. पातं अडत अडत गेलं.

भिंतीपलीकडं वकार म्हणत होता, "उद्या दुपारी घिऊन जा की. काय टेन्शन न्हाई."

"उसासंगं टोळीची लेकरंबाळं बी बसतेत वर," बालाजी म्हणाला. "तेवढं नीट बघा."

"बघितलंय म्हणून तर सांगून राहिलो."

मी हेडचा कोपरा पुसला आणि उठले. वकारला हाक मारली नाही. शेडमध्ये गेले तेव्हा तो ग्रीसचे हात पुसत होता. मला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"भाऊ," मी बालाजीला म्हणाले, "तुमचं हेड वाकडंय. शिवप्पाकडं फेस मारायला चाललंय. तिथून येईल तेव्हा मी पुन्हा बघणार, मग चढणार. उद्या दुपारी गाडी मिळणार नाही. कधी मिळेल ते शिवप्पाला विचारून सांगते. घाई असेल तर दुसरीकडं न्या, पण तिथंही आधी हे सांगा."

बालाजीनं माझं बोलणं पुरतं ऐकलं, आणि मग तोंड वकारकडं फिरवलं. "मिस्त्री, ही बाई काय म्हणून राहिली? काय करायचं?"

वकारनं तोंड उघडलं. मी मधे जाऊन उभी राहिले.

"त्याला काय विचारता? हेड मी बघितलंय. मला विचारा."